वेळेवरची दुरुस्ती : मुक्तस्रोत संगणक-प्रणालीच्या सुरक्षेचा विचार

घर बांधून झाले की काम संपले, असे आपल्याकडे कोणी मानीत नाही. वसंत सरता सरता कौलारू घरे शाकारावी लागतात, फुटकी कौले बदलावी लागतात, पन्हळी साफ कराव्या लागतात. मृगाच्या सरींपूर्वी हे काम उरकले नाही, तर पुढे चार महिने घरभर भांडी मांडून बसण्याची पाळी येते. संगणकाच्या बाबतीत मात्र हे साधे व्यवहारज्ञान पुष्कळजण बाजूला ठेवतात. यंत्र घेतले, ते सुरू झाले, काम करू लागले, की त्याच्या आतील प्रणालीकडे वर्षानुवर्षे ढुंकून पाहावयाचे नाही, असा अनेकांचा परिपाठ असतो. ‘अपडेट आले आहे’ अशी सूचना पडद्यावर उमटलीच, तर ‘नंतर’ या शब्दावर बोट ठेवून मोकळे व्हावयाचे, ही सवय तर पुष्कळांच्या अंगवळणी पडलेली आहे.

शाकारणीत आणि या कामात एक मोठा फरक आहे. पाऊस पंचांगाप्रमाणे येतो. त्याची तयारी करण्यास सवड मिळते. संगणकाच्या प्रणालीतील दोष कोणत्या दिवशी उघडकीस येईल हे कोणतेही पंचांग सांगू शकत नाही, आणि तो उघडकीस आल्यावर जी सवड मिळते ती महिन्यांची नसून कधी कधी तासांची असते. ही सवड किती असते, ती कशामुळे ठरते, आणि तिचा उपयोग करून घेण्यासाठी कोणती व्यवस्था उभी आहे, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत. उदाहरणादाखल आम्ही ‘डेबियन’ ही मुक्तस्रोत प्रणाली घेतली आहे. कारण तिचा सारा कारभार उघड्यावर चालतो, आणि म्हणून दुरुस्तीचा प्रवास पहिल्या टप्प्यापासून शेवटच्या टप्प्यापर्यंत तिच्यात स्पष्ट पाहता येतो.

कारभारी आणि त्याची उघडी वही

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाचा कारभारी. पत्र लिहिणे, हिशेब ठेवणे, चित्रे पाहणे, बँकेशी व्यवहार करणे ही कामे निरनिराळे प्रोग्रॅम करतात; परंतु यंत्राची स्मरणशक्ती कोणी किती वापरावी, तबकडीवरील कोणती माहिती कोणी वाचावी, बाहेरच्या जाळ्याशी कोणी बोलावे, हे सर्व ठरविणारा हा कारभारी असतो. साहजिकच त्याच्यात किंवा त्याच्या हाताखालच्या माणसांत काही उणीव राहिली, तर साऱ्या वाड्याची दिंडी उघडी पडते.

मुक्तस्रोत, म्हणजे ज्याला ‘ओपन सोर्स’ म्हणतात, ती प्रणाली अशी की जिची मूळ लिखावट कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि पुढे देता येते. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थाने १९८३ साली ‘ग्नू’ नावाने या दिशेने कामाची घोषणा केली. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ हा प्रणालीचा गाभा लिहून सर्वांपुढे ठेवला. पुढे १९९३ च्या ऑगस्टमध्ये इयन मर्डॉक या तरुणाने हा गाभा आणि त्याच्या जोडीची साधने एकत्र बांधून डेबियनची स्थापना केली. डेब्रा हे त्याच्या तेव्हाच्या मैत्रिणीचे नाव आणि इयन हे त्याचे स्वतःचे. या दोन्हींच्या जोडणीतून हा शब्द तयार झाला आहे.

डेबियन ही कोणा एका कंपनीची मालमत्ता नव्हे. जगभरचे सुमारे एक हजार स्वयंसेवक तिचा संसार चालवितात. तिच्या भांडारात साठ हजारांहून अधिक पॅकेजे, म्हणजे बांधून तयार ठेवलेले प्रोग्रॅमचे गठ्ठे आहेत. उबुंटू ही लोकप्रिय प्रणाली डेबियनच्याच पायावर उभी आहे. आपल्याकडेही, जिचे मुख्यालय पुण्यात आहे त्या सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ साली ‘बॉस’ नावाची भारतीय भाषांसाठी सोयीची प्रणाली काढली, ती डेबियनवरूनच. डेबियनच्या स्वयंसेवकांचे वार्षिक संमेलन २०२३ साली कोचीला भरले होते. तेव्हा हा विषय सातासमुद्रापलीकडचा आहे असे कोणी समजू नये.

उघड्या वहीलाही वाचक लागतो

ज्या प्रणालीची वही सर्वांपुढे उघडी आहे तिच्यात चूक राहीलच कशी, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. हजार डोळे वाचीत असता दोष टिकणार नाही, हा युक्तिवाद ऐकावयास गोड आहे. परंतु अनुभव त्याला पुरता दुजोरा देत नाही.

७ एप्रिल २०१४ रोजी ‘हार्टब्लीड’ या नावाने गाजलेला दोष जाहीर झाला. तो ‘ओपन-एसएसएल’ या साधनात होता. बँका, टपाल, सरकारी कचेऱ्या यांच्याशी संगणकावरून होणारे संभाषण तिसऱ्याला कळू नये म्हणून ते सांकेतिक करण्याचे काम हे साधन करते. दोन यंत्रांमधील संबंध जिवंत आहे की नाही हे पाहण्यासाठी एक यंत्र दुसऱ्याला छोटा निरोप पाठवी आणि तोच निरोप परत मागवी. निरोपाबरोबर त्याची लांबीही सांगावयाची असे. सांगितलेली लांबी खरी आहे की खोटी, हे तपासावयाचे मात्र राहून गेले होते. एखाद्याने कचेरीतील कारकुनाला तीन अक्षरी नाव लिहून द्यावे, “हे चौसष्ट हजार अक्षरांचे आहे, परत वाचून दाखवा” असे सांगावे, आणि त्या भोळ्या कारकुनाने नाव संपल्यावरही न थांबता समोरच्या वहीत जे काही असेल ते वाचत सुटावे, तसा हा प्रकार होता. त्या वहीत इतरांचे पासवर्ड असत. कधी कधी तिजोरीची किल्लीही असे.

हा दोष २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीत शिरला होता. म्हणजे दोन वर्षे तो सर्वांच्या डोळ्यांसमोर होता आणि कोणाच्या लक्षात आला नव्हता. यावरून असे दिसून येईल की पुस्तक उघडे असणे ही एक गोष्ट आणि ते कोणी काळजीपूर्वक वाचणे ही दुसरी. मुक्तस्रोत पद्धतीचे खरे बळ ‘दोष होतच नाही’ यात नाही. दोष सापडल्यावर तो लपविला जात नाही आणि दुरुस्ती कोणाच्या मर्जीवर अडून राहत नाही, यात ते बळ आहे. डेबियनने तर १९९७ साली स्वीकारलेल्या आपल्या सामाजिक करारातच, आम्ही अडचणी दडवून ठेवणार नाही, असे अभिवचन दिले आहे.

दवंडी चोरही ऐकतो

परंतु या न लपविण्यातूनच आमच्या विषयाचा खरा पेच उभा राहतो. अशी कल्पना करा की एका पेठेतील सर्व वाड्यांना एकाच कारागिराने केलेली कुलुपे आहेत. एके दिवशी त्या कुलपात खोट सापडते. साध्या खिळ्याने ते उघडते. कारागीर प्रामाणिक आहे. तो नवे कुलूप तयार करतो आणि चौकात दवंडी पिटवितो की जुन्या कुलपात अमुक खोट आहे, सर्वांनी नवे कुलूप फुकट घेऊन जावे. ही दवंडी घरमालक ऐकतात, तशी ती चोरही ऐकतात. दवंडीपूर्वी खोट ठाऊक असलेला चोर एखादा असेल. दवंडीनंतर ती प्रत्येक चोराला ठाऊक होते. म्हणजे ज्याने त्याच दिवशी कुलूप बदलले त्याची सुरक्षितता वाढली, आणि ज्याने ‘पुढच्या आठवड्यात पाहू’ म्हटले त्याची पूर्वीपेक्षाही कमी झाली.

मुक्तस्रोत प्रणालीत तर दवंडीचीही गरज नसते. जुनी लिखावट आणि दुरुस्त लिखावट शेजारी ठेवून पाहिली की कोणती ओळ बदलली ते दिसते, आणि जेथे ओळ बदलली तेथेच भगदाड होते हे जाणत्याला लगेच उमगते. बंद प्रणालीतही हे काम करता येते; फक्त थोडे अधिक श्रम पडतात.

हार्टब्लीड जाहीर झाल्यावर काय झाले पाहा. दुरुस्ती त्याच दिवशी, ७ एप्रिलला, मिळू लागली होती. कॅनडाच्या महसूल यंत्रणेने लगोलग आपली करदात्यांसाठीची सेवा बंद केली. तरी त्या यंत्रणेच्याच निवेदनानुसार, सहा तासांच्या अवधीत सुमारे ९०० करदात्यांचे सामाजिक विमा क्रमांक चोरीस गेले होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात याहून बोलके उदाहरण घडले. संकेतस्थळे बांधण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘द्रुपल’ या मुक्तस्रोत साधनातील मोठा दोष १५ ऑक्टोबर २०१४ रोजी दुरुस्तीसह जाहीर झाला. दोन आठवड्यांनी द्रुपलच्याच सुरक्षा-मंडळाने जे निवेदन काढले त्याचा आशय असा : घोषणेनंतर सात तासांच्या आत ज्यांनी दुरुस्ती बसविली नाही, त्यांनी आपले स्थळ परक्याच्या हाती गेले आहे असेच समजून चालावे. सात तास! रात्री निजून सकाळी उठेपर्यंतचा हा वेळ.

हा दोष केवळ उघड्या पद्धतीचा आहे असेही कोणी म्हणू नये. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज या बंद प्रणालीतील एका दोषाची दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजी प्रसिद्ध झाली होती. त्याच दोषाचा फायदा घेणारी ‘वॉनाक्राय’ ही खंडणीखोर साथ १२ मे रोजी, म्हणजे जवळजवळ दोन महिन्यांनी पसरली आणि सुमारे १५० देशांतील यंत्रांना तिने विळखा घातला. इंग्लंडमधील अनेक सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. औषध तयार होते आणि फुकट होते, परंतु ते घेतले गेले नव्हते. ‘कळते पण वळत नाही’ ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरली.

दुरुस्तीचा प्रवास

आता ही दुरुस्ती तयार होऊन आपल्या यंत्रापर्यंत कशी पोहोचते ते पाहू. तिला चार टप्पे पार करावे लागतात.

पहिला टप्पा शोधणाऱ्याचा. कोणी संशोधक, कोणी जागरूक वापरकर्ता दोष हेरतो. दोषांची ओळख पटावी म्हणून प्रत्येकाला एक जागतिक क्रमांक देण्याची पद्धत १९९९ पासून चालू आहे. ‘सीव्हीई’ या तीन अक्षरांनी हे क्रमांक सुरू होतात. दुसरा टप्पा त्या प्रोग्रॅमच्या मूळ कर्त्यांचा. ते दुरुस्ती लिहितात. तिसरा टप्पा वितरकाचा, म्हणजे आपल्या उदाहरणात डेबियनच्या सुरक्षा-पथकाचा. गंभीर दोष असेल तर निरनिराळ्या लिनक्स वितरकांना तो आधी खाजगीत कळविला जातो, म्हणजे सर्वांची तयारी एकाच वेळी व्हावी. मात्र हे मौन अमर्याद काळ पाळले जात नाही. अशा खाजगी सूचनेची कमाल मुदत १४ दिवसांची ठरलेली आहे. त्यानंतर गोष्ट उघड करावीच लागते. चौथा आणि शेवटचा टप्पा आपला, म्हणजे ज्याच्या टेबलावर यंत्र आहे त्याचा.

तिसऱ्या टप्प्यावर डेबियनचे पथक जे करते ते समजून घेण्यासारखे आहे. मूळ कर्ते दुरुस्ती करताना बहुधा नवी आवृत्तीच काढतात. तिच्यात दुरुस्तीबरोबर नव्या सोयी असतात, आणि नव्या सोयींबरोबर नव्या चुकाही येऊ शकतात. म्हणून डेबियनचे पथक नव्या आवृत्तीतून केवळ दुरुस्तीच्या ओळी काढून घेते आणि त्या जुन्या, पारखलेल्या आवृत्तीत नेऊन बसविते. वासा किडला तर सारे घर न पाडता तेवढा वासा बदलावा, तशी ही रीत आहे. तिचा एक परिणाम असा की डेबियनच्या प्रोग्रॅमचा आवृत्ती-क्रमांक जुना दिसतो आणि ‘हे तर जुनेपुराणे आहे’ असा पाहणाऱ्याचा गैरसमज होतो. वस्तुतः क्रमांकाच्या शेवटी जोडलेल्या छोट्या शेपटीत त्या दुरुस्तीची नोंद असते. नुसता पुढचा आकडा पाहून सुरक्षिततेचा निवाडा करू नये.

शिवाय अशा दुरुस्त्यांसाठी डेबियनने वेगळे भांडार ठेवले आहे. नेहमीच्या भांडाराच्या नकला जगभर अनेक ठिकाणी ठेवलेल्या असतात आणि त्या ताज्या होण्यास थोडा वेळ लागतो. सुरक्षेची दुरुस्ती या नकलांच्या फेऱ्यात अडकू नये, ती थेट मिळावी, म्हणून हा स्वतंत्र दरवाजा. आपल्या यंत्राच्या यादीत हा दरवाजा नोंदलेला आहे की नाही, हे पाहणे प्रत्येक डेबियन वापरणाऱ्याचे पहिले काम होय.

नवे तेच सुरक्षित काय?

येथे एक समज दूर केला पाहिजे. वेळेवर दुरुस्ती म्हणजे सर्वांत नवी आवृत्ती, असे पुष्कळांना वाटते. डेबियनच्या तीन शाखा पाहिल्या म्हणजे या समजातील उणीव ध्यानात येईल. ‘स्टेबल’ ही स्थिर शाखा. साधारण दोन वर्षांनी तिची नवी आवृत्ती निघते आणि मधल्या काळात तिच्यात मुख्यतः दुरुस्त्याच येतात. ‘अनस्टेबल’ ही कार्यशाळा. नवी पॅकेजे प्रथम तेथे येतात. या दोहोंच्या मध्ये ‘टेस्टिंग’ ही चाचणीची शाखा. डेबियनच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातील खेळण्यांची नावे दिलेली असतात, आणि कार्यशाळेला त्याच चित्रपटातील खेळणी मोडणाऱ्या सिड नावाच्या मुलाचे नाव कायमचे दिले आहे. यातच काय ते समजावे.

चाचणीच्या शाखेत गंमत अशी होते की तेथील पॅकेजे स्थिर शाखेहून नवी असतात, परंतु सुरक्षेची दुरुस्ती तेथे अनेकदा उशिरा पोहोचते. कार्यशाळेत आलेले पॅकेज साधारणतः दोन ते दहा दिवस निरखले जाते, मगच ते चाचणी शाखेत उतरते. आणि त्याच्यावर अवलंबून असलेली दुसरी पॅकेजे तयार नसतील तर ते त्याहूनही अधिक काळ अडकून पडते. सुरक्षा-पथकाचे नियमित लक्ष स्थिर शाखेवर असते. म्हणजे नव्याच्या हौसेने मधल्या शाखेत जाऊन बसणारा माणूस कधी कधी दोन्हीकडून अंतरतो.

२०२४ च्या मार्चमध्ये या प्रश्नाची दुसरी बाजू जगापुढे आली. ‘एक्सझेड’ या माहिती आवळून ठेवणाऱ्या लहानशा साधनाच्या नव्या आवृत्तीत, दीर्घकाळ विश्वास संपादन केलेल्या एका टोपणनावाच्या सहकाऱ्याने चोरदरवाजा बसविला होता. तो अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या ध्यानात आला, तो एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीवरून : दूरच्या यंत्रात प्रवेश करण्यास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत होता. त्याने खणत खणत मुळापर्यंत जाऊन २९ मार्च रोजी ही गोष्ट जाहीर केली. तोवर ती आवृत्ती डेबियनच्या कार्यशाळेत आणि चाचणी शाखेत शिरली होती. स्थिर शाखेत ती पोहोचलेली नव्हती.

तेव्हा ‘वेळेवर’ या शब्दाचा नेमका अर्थ लक्षात घेतला पाहिजे. नवीन सोयींच्या बाबतीत थांबणे हे शहाणपण आहे. ज्ञात दोषाच्या दुरुस्तीच्या बाबतीत थांबणे हा धोका आहे. या दोन गोष्टींची गल्लत केली की माणूस एकतर सर्वच लांबणीवर टाकतो, किंवा जे येईल ते गिळत सुटतो. स्थिर शाखा आणि तिच्यावर तातडीची दुरुस्ती, ही जोडी या दोहोंमधला मार्ग आहे.

शेवटचा टप्पा

आता चौथ्या टप्प्याचा, म्हणजे आपल्या स्वतःच्या कर्तव्याचा विचार करू. पहिले कर्तव्य हे की दुरुस्ती योग्य हातून घ्यावी. डेबियनच्या भांडाराची यादी पथकाच्या सांकेतिक सहीने मोहोरबंद केलेली असते आणि आपले यंत्र ती सही पडताळूनच गठ्ठा स्वीकारते. परंतु खरी सही असलेली जुनी यादी कोणी मुद्दाम पुन्हा पुन्हा दाखवीत राहिले, तर ‘नवीन काही आलेले नाही’ अशी यंत्राची समजूत होईल. म्हणून सुरक्षा-भांडाराच्या यादीवर मुदतीची तारीखही घातलेली असते. ती उलटली की यंत्र तक्रार करते. अशी तक्रार दिसली तर ती डावलू नये.

दुसरे कर्तव्य, दोन आज्ञांमधला फरक ओळखणे. ‘ॲप्ट अपडेट’ ही आज्ञा केवळ यादी ताजी करते. प्रत्यक्ष दुरुस्ती बसविते ती ‘ॲप्ट अपग्रेड’ ही आज्ञा. पहिली देऊन समाधान मानणे म्हणजे वाण्याकडून भावाचा कागद आणून धान्य घरात आले असे समजणे होय. याहून बरे म्हणजे हे काम यंत्रावरच सोपवावे. ‘अनअटेंडेड अपग्रेड्स’ नावाचे पॅकेज सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप आणून बसविते. माणसाला विसर पडतो, सुटी असते, आजारपण असते. चोराला यांतले काही नसते. सात तासांच्या सवडीशी सामना द्यावयाचा तर आठवणीवर भिस्त ठेवून चालणार नाही.

तिसरे कर्तव्य बहुतेकांच्या नजरेतून सुटते. दुरुस्त गठ्ठा तबकडीवर बसला, तरी जो प्रोग्रॅम आधीपासून चालू आहे तो स्मरणातील जुनीच लिखावट वापरीत राहतो. हार्टब्लीडच्या वेळी साधन बदलूनही ज्यांनी त्यावर चालणाऱ्या सेवा पुन्हा सुरू केल्या नाहीत, त्यांचे दार उघडेच होते. प्रणालीच्या गाभ्याची दुरुस्ती झाली असेल तर सर्वसाधारणपणे सारे यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे लागते. कोणता प्रोग्रॅम पुन्हा सुरू करावा हे सांगणारे ‘नीड-रिस्टार्ट’ नावाचे साधन डेबियनच्या भांडारात आहे.

चौथे कर्तव्य आयुष्यमर्यादेचे. स्थिर शाखेच्या प्रत्येक आवृत्तीला सुमारे तीन वर्षे सुरक्षा-पथकाचे पाठबळ असते आणि पुढे दीर्घ-सेवेच्या योजनेखाली एकूण पाच वर्षांपर्यंत दुरुस्त्या मिळतात. २०१९ च्या जुलैत निघालेल्या डेबियन १० या आवृत्तीची ही मुदत ३० जून २०२४ रोजी संपली. मुदत संपल्यावर यंत्र बंद पडत नाही. ते पूर्वीसारखेच चालते, आणि ‘नवी दुरुस्ती नाही’ असेच सांगते. येथेच फसगत होते. राखणदार जागा असताना शांतता असणे निराळे, आणि राखणदार निघून गेल्यामुळे हाक येत नसणे निराळे. दोन्ही शांतता कानाला सारख्याच लागतात. म्हणून आपली आवृत्ती कोणती आणि तिची मुदत कधीपर्यंत, हे लिहून ठेवावे आणि मुदतीपूर्वी पुढच्या आवृत्तीवर जावे. तसेच डेबियनच्या भांडाराबाहेरून जे काही आणून बसविले असेल, त्याची जबाबदारी पथकावर नसते, हेही ध्यानात ठेवावे.

ही साखळी जितकी लांब तितका उशीर अधिक. खिशातील अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच आहे. २०१५ च्या ऑगस्टपासून गूगलने त्याच्या सुरक्षा-दुरुस्त्या दरमहा जाहीर करण्याची प्रथा सुरू केली. परंतु त्या चिपच्या कारखानदाराकडून फोनच्या कारखानदाराकडे आणि तेथून आपल्याकडे यावयाच्या असतात. मध्येच कोणी हात आखडला की दुरुस्ती जगात असूनही आपल्या फोनवर नसते. फोन विकत घेताना त्याला किती वर्षे दुरुस्त्या मिळणार हे विचारणे, किमतीइतकेच अगत्याचे आहे.

एक आक्षेप

“दुरुस्तीनेच काही बिघडले तर?” असा आक्षेप हटकून घेतला जातो, आणि तो अगदीच निराधार नाही. २००६ साली डेबियनमध्येच ओपन-एसएसएलच्या लिखावटीत केलेल्या एका बदलाने, गुप्त किल्ल्या तयार करताना लागणारी यदृच्छा जवळजवळ नाहीशी झाली. एका प्रकारच्या आणि आकाराच्या किल्लीला केवळ ३२,७६८ पर्याय उरले, आणि इतके पर्याय यंत्राला सहज तपासून पाहता येतात. १३ मे २००८ रोजी डेबियनने आपली ही चूक स्वतःच जाहीर केली. त्या वेळी नुसता गठ्ठा बदलून भागले नाही. मधल्या काळात तयार झालेल्या किल्ल्या टाकून नव्या कराव्या लागल्या.

परंतु या उदाहरणाने दुरुस्ती टाळण्याचे समर्थन होत नाही. चूक वितरकाची होती आणि तिच्यावरचा उपायही वेळेवरची दुरुस्ती हाच होता. ज्यांची कामे नाजूक आहेत त्यांनी दुरुस्ती आधी एका यंत्रावर लावून पाहावी आणि त्याच दिवशी इतरांवर न्यावी. माहितीची वेगळी प्रत नियमित काढून ठेवावी, म्हणजे काही बिघडलेच तरी मागे येता येते. बिघाडाची भीती ही प्रत ठेवण्याचे कारण आहे, दुरुस्ती लांबणीवर टाकण्याचे नव्हे.

शेवटी एका गोष्टीकडे आम्ही श्रोत्यांचे लक्ष वेधू इच्छितो. एखाद्या पतसंस्थेच्या, शाळेच्या, वाचनालयाच्या किंवा रक्त-तपासणीच्या केंद्राच्या संगणकात जी माहिती असते ती त्या संस्थेची नसते. ती सभासदांची, विद्यार्थ्यांची, रुग्णांची असते. तेथे ‘नंतर’ म्हणणारा माणूस आपल्या कुलपाशी खेळत नसून दुसऱ्यांच्या ठेवीशी खेळत असतो. ज्यांना आपण कधी पाहिले नाही अशा दूरदूरच्या स्वयंसेवकांनी दोष शोधून, रात्र जागून, दुरुस्ती आपल्या उंबऱ्यापर्यंत विनामूल्य आणून ठेवलेली असते. चारांपैकी तीन टप्पे त्यांनी पार केलेले असतात. उरलेला एक टप्पा उंबऱ्यापासून घरापर्यंतचा आहे, आणि तो आपल्याखेरीज दुसरे कोणीही पार करू शकत नाही.